चोरीचं लाकूड

मला हे काम माझ्या तोंडामुळे मिळालं. गोड बोलण्यामुळे नव्हे, भांडण्यामुळे.

रत्नागिरीच्या पोस्टात मी रजिस्टरच्या खिडकीवर बसायची. एका दुपारी प्रोबेशन अधिकारी पाकिटांचा गठ्ठा घेऊन आला. सगळी सरकारी पत्रं. निम्म्यांवर पिनकोड नाही, दोन पाकिटं तर उघडीच. मी त्याला अख्ख्या रांगेदेखत झापलं. साताऱ्याकडचा तिशीतला माणूस, सभ्य. निमूट बाजूला बसला, पाकिटं डिंकाने चिकटवली, पिनकोड घातले, पुन्हा रांगेच्या शेवटी उभा राहिला आणि खिडकीशी आल्यावर म्हणाला, "मॅडम, रविवारी तुम्हाला एक तास वेळ असतो का?"

मी अडतीस वर्षांची, बिनलग्नाची. रांगेने कान टवकारले.

त्याचं म्हणणं वेगळंच निघालं. चोरीमारीत सापडलेल्या पोरांना कोर्ट दर वेळी संस्थेत धाडत नाही, काहींना वर्षभर देखरेखीखाली घरीच ठेवतं. अशी पोरं त्याच्याकडे ढीगभर आणि हा एकटा. म्हणून गावातल्या साध्या माणसांना तो गळ घालत होता. एकाने एक पोर सांभाळायचं. आठवड्यातून एकदा भेटायचं, बोलायचं, एका वहीत चार ओळी लिहायच्या. पगार नाही, बिगार म्हणा.

"मला पोरांची आवड नाही," मी म्हटलं.

"म्हणून तर विचारतोय. आवड असणारे दोन महिन्यांत कंटाळतात."

हा माणूस दिसतो तितका बावळट नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्या पोराचं नाव मी लिहिणार नाही. त्याची मुलं आता मोठी आहेत, वाचणारी आहेत. पंधरा वर्षांचा होता. जन्म मुंबईतला, चाळीतला. बाप गिरणीत. संप सुरू झाला, लांबला, खोली गेली, आणि हे कुटुंब रत्नागिरीपासून दोन-अडीच मैलांवरच्या आपल्या वाडीत परत आलं. पंधरा वर्षं बंद असलेलं घर उघडून राहिलं. मग बाप पुन्हा मुंबईला गेला, कुठेतरी रखवालदारी करायला, आणि इथे उरली आई आणि हा. भात लावता येत नाही, गुरांना भितो, वाडीतली पोरं हसतात. मग हा गावात यायचा, टॉकीजबाहेरची एखादी सायकल उचलायचा आणि मांडवीच्या जेट्टीपर्यंत मारून तिथेच टाकून घरी जायचा. दोनदा पचलं. तिसऱ्या वेळी सायकलीचा डायनॅमो काढून विकलान, आणि ती सायकल नेमकी हवालदाराच्या मेव्हण्याची. झालं!

कोर्टाने एक वर्ष दिलं. त्या वर्षात पुन्हा काही उचललं तर रवानगी घाटावरच्या संस्थेत, अठरा पूर्ण होईपर्यंत. हे त्याला माहीत होतं, त्याच्या आईला माहीत होतं, आणि मला तर अधिकाऱ्याने कागदावर सही घेऊन सांगितलं होतं.

पहिल्या रविवारी तो आला तो फाटकातच उभा राहिला. ते फाटक माझ्या वडिलांनी केलेलं. आमच्याच परसातला फणस पडला, त्याच्या फळ्यांचं. दोन्ही बाजूंना जांभ्याचे खांब. वडील रोज संध्याकाळी त्यावर कोपर टेकून उभे राहायचे आणि जाणाऱ्या-येणाऱ्याची चौकशी करायचे. जिथे कोपर टेकायचे तिथलं लाकूड झिजून गुळगुळीत झालं होतं. वडील गेल्यावर घरात मी एकटी, आणि येता-जाता त्या जागेवर हात ठेवायची मला सवय लागली होती. कुणाला सांगितलं नव्हतं, आता सांगतेय.

"आत ये मेल्या, फाटकाला लटकू नकोस," मी ओरडले. आमची ही पहिली भेट.

'मुलाशी मोकळेपणाने बोलावे' असं सूचनांच्या कागदावर छापलेलं होतं. मोकळेपणाने म्हणे! पहिले चार रविवार तो पायरीवर बसून घावन खायचा आणि चुलीकडे बघायचा. पाचव्या रविवारी मी त्याला माझ्या सायकलीचं मडगार्ड दाखवलं. ते खडखडायचं. त्याने पंधरा मिनिटांत नीट केलं, आणि हात पुसत म्हणाला, "बाई, ही सायकल तुम्ही फार वंगाळ ठेवलीय. आपल्याला बघवत नाय."

"तू कोण मला सांगणारा, सायकलचोर?" मी म्हणून गेले. जीभ चावली, पण तो हसला. त्याला तोंडावर चोर म्हणणारी मी पहिली नव्हते, पण घावन वाढता वाढता म्हणणारी बहुतेक पहिलीच. त्या दिवसापासून तो बोलायला लागला, तो इतका की त्याला गप्प बस म्हणायची पाळी माझ्यावर आली. चाळीतल्या गोष्टी, बापाच्या गोष्टी, कुठल्या सायकलीचा ब्रेक कसा लागतो त्याच्या गोष्टी. मी त्याच्याकडून पेपर मोठ्याने वाचून घ्यायची, पोफळींना पाणी घालून घ्यायची, आणि शेवटी बाजारातल्या सायकलवाल्या चाचांकडे जाऊन भांडून भांडून त्याला शाळेनंतरचे दोन तास पंक्चर काढायला लावून दिलं.

तीन अटी मी घातल्या होत्या. परक्याच्या काडीला हात लावायचा नाही. कुणी 'थांब' म्हटलं की पळायचं नाही. पळणारा चोर नसला तरी चोर ठरतो. आणि माझ्याशी खोटं बोलायचं नाही. तो गेल्यावर मी वहीत लिहायची: आला, इतका वेळ होता, अमुक बोलला. पोस्टातली माणसं आम्ही. पोचपावती फाडल्याशिवाय आम्हाला जेवण जात नाही.

सात महिने बरे गेले. मग फाल्गुन आला.

त्याची आई पोस्टात आली. आधी मी तिला एकदाच पाहिली होती. रांगेत उभी राहिली, पुढच्या सगळ्यांचं होऊ दिलं, आणि खिडकीत तोंड घालून हळूच म्हणाली, "बाई, माज्या पोराला एक चोरी करू द्या."

"काय?" मी ओरडले.

मागे सात माणसं होती. मी खिडकी बंद केली, पाटी लावली आणि तिला मागच्या ओट्यावर नेलं.

आमच्याकडच्यांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. शिमग्याच्या होमासाठी, म्हणजे होळीसाठी, लाकूड चोरून आणायचं ही सगळीकडची रीत. कुणाचा ओंडका, कुणाची शिडी, कुणाची मोडकी खाट. मालकाने उचलताना बघितलं तर शिव्या घालायच्या, होमावर चढल्यावर बघितलं तर गप्प बसायचं. पण त्यांच्या वाडीत हे पोरखेळ म्हणून नव्हतं, घरटी लावलेलं होतं. दर घरातल्या एका पुरुषाने एक तरी लाकूड आणायचं, आणि ते चोरीचंच हवं. मागून आणलेलं, दिलेलं, विकत घेतलेलं होमाला चालत नाही. मालकाने शिव्या घातल्या तर फारच उत्तम, लाकूड देवाला पोचलं. आणि ज्या घराचं लाकूड होमात, त्या घरात गावदेवाची पालखी.

"आमचं घर पंधरा वर्षं बंद होतं," ती सांगू लागली. "पालखी वळनावरनंच मागं फिरायची. औंदा मानकरी म्हनले, पोराने लाकूड आनलान तर घर उघडं धरू. नायतर बंदच. नवरा तर मुंबईत. आनि हा म्हनतो, बाईंनी काडीला हात लावू नको सांगितलंय. हलत नाय जाग्यावरनं. वाडीतली पोरं म्हनतात, सायकली चोरतो आनि देवाचं लाकूड चोरायला भितो."

मला हसू आलं. तिला आलं नाही.

"मुंबईतली खोली गेली, बाई. आता हितं पन घर नाय धरलं, तर आमी खयची मानसं?"

मी म्हटलं, बघते.

अधिकाऱ्याला आडून विचारून पाहिलं. तो म्हणाला, "मॅडम, शिमगा मला कळतो. पण उद्या कुणी तक्रार केली तर कागद मला पुढे न्यावाच लागेल. कागदात शिमग्याचा रकाना नाही."

मग मी डोकं चालवलं. माझं डोकं मी चालवलं की काहीतरी होतंच. विहिरीमागे आमच्या दुसऱ्या फणसाची फांदी पडून होती, मांडीएवढी जाड. रविवारी मी पोराला म्हटलं, "गुरुवारी पाचपर्यंत मी पोस्टात असते. विहिरीमागे फांदी आहे. मी काही बोललेले नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे चोरू?"

"मी काही बोललेले नाही, सांगितलं ना! घावन खा."

मालकीण मी, तक्रार करणारी मी, आणि मी तर करणार नाही. कुणाच्या बापाची भीती? इथवर ठीक होतं. पण तो गेल्यावर मी वही काढली आणि वळणदार अक्षरात लिहिलं: 'विहिरीमागील फणसाची फांदी नेण्यास मुलास परवानगी दिली.' उद्या काही झालं तर कागद असावा, म्हणून. दुसरं कुणी लिहिलं नसतं हो. गुपचूप करायच्या गोष्टीची नोंद ठेवणं हे पोस्टातल्या माणसालाच सुचतं.

गुरुवारी पाच पोरं आली. शेजारच्या घरात नवा भाडेकरू होता, बँकेतला, महिन्यापूर्वी नागपूरकडून बदलून आलेला. भला माणूस. त्याने खिडकीतून पाहिलं की एकट्या बाईच्या परसात टोळकं शिरलंय, आणि ओरडला, "ए, थांबा!" चौघं गडग्यावरून, दगडी कुंपणावरून, उड्या टाकून हसत पळाले. हा थांबला. फांदी खांद्यावर घेऊन थांबला. दुसरी अट होती ना माझी.

नाक्यावर हवालदार होताच, तोच, मेव्हण्याच्या सायकलीवाला. पुढचं सांगायला नको.

मी चौकीत पोचले तेव्हा तो बाकावर बसला होता आणि फांदी बाहेर भिंतीला टेकवून ठेवली होती, मुद्देमाल म्हणून. मी हवालदाराला काय काय म्हटलं ते लिहीत नाही. तो शांतपणे म्हणाला, "ताई, पोरगा देखरेखीवरचा आहे. शेजाऱ्यांची लेखी तक्रार आलीय. आता माझ्या हातात नाही." भाडेकरू बिचारा हात जोडून म्हणत होता की मी अर्ज मागे घेतो. पण दिलेला अर्ज एकदा नोंदला की नोंदला. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

सोमवारपर्यंत पोराला रिमांड होममध्ये ठेवलं. सोमवारी कोर्ट.

मुलांचं कोर्ट म्हणजे एक साधी खोली. टेबल, चार खुर्च्या, मॅजिस्ट्रेट साहेब चष्मा पुसत बसलेले. मी, अधिकारी, पोराची आई. आणि तिच्यासोबत वाडीचे मानकरी, धोतरावर काळा कोट घालून, पोराबद्दल चार शब्द बरे बोलायला मुद्दाम आलेले. साठीचे असतील. मला त्यांचं येणं फार आवडलं. म्हटलं, सुटला आपला पोरगा.

अधिकाऱ्याने माझी वही पुढे ठेवली. साहेबांनी ती नोंद मोठ्याने वाचली. "विहिरीमागील फणसाची फांदी नेण्यास मुलास परवानगी दिली." मग म्हणाले, "मग प्रश्नच मिटला. बाळ, बाईंनी तुला फांदी न्यायला सांगितलं होतं ना?"

पोराने आईकडे पाहिलं. मग मानकऱ्यांकडे. मानकरी खाली बघत होते.

"नाय साहेब," तो म्हणाला. "आपण चोरली."

"बाईंनी दिली नव्हती?"

"नाय. त्यांना माहीतच नव्हतं. चोरली."

अधिकाऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं की मॅडम, हे काय चाललंय? आईने पदर तोंडात धरला होता. मला वाटतं त्या क्षणी तिलाही कळत नव्हतं, पोराने काय बोलावं असं आपल्याला वाटतंय.

साहेबांनी वही माझ्याकडे फिरवली. "ही नोंद तुमच्या हातची?"

"हो."

"मग मुलगा खोटं बोलतोय का?"

तो खरं बोलतोय म्हटलं तर तीन वर्षं घाटावर. खोटं बोलतोय म्हटलं तर ते लाकूड दिलेलं, आणि घर बंद. पोर माझ्याकडे बघत होतं. डोळ्यांनी सांगत होतं, बाई, गप्प बसा. देवाशप्पथ सांगते, मला कळत होतं.

"हो साहेब," मी म्हटलं. "खोटं बोलतोय. मीच दिली होती."

साहेबांनी दोन ओळी लिहिल्या. देखरेख पूर्वीसारखी चालू, मूल आईच्या ताब्यात. पाच मिनिटांत सगळे बाहेर.

बाहेर वडाखाली मानकऱ्यांनी टोपी नीट केली. रागावले नव्हते. "म्हणजे दिलेलं लाकूड होतं," एवढंच म्हणाले, आणि एस. टी. स्टँडकडे चालू लागले. आई त्यांच्या मागे.

पोर माझ्यासमोर उभं राहिलं. "तुम्हाला लिहायला कुणी सांगितलं होतं?"

"अरे गाढवा, लिहिलं म्हणून सुटलास!"

"सुटलो. आता आईचं काय?"

"तीन वर्षं आत गेला असतास तर आईचं काय झालं असतं?"

"ते आपलं आपण बघितलं असतं," तो म्हणाला आणि गेला. त्याच्या चपला फटफट वाजत होत्या, त्या मी ऐकत उभी राहिले.

घरी आले. पोलिसांनी फांदी आणून फाटकाशी टाकली होती, मुद्देमाल परत. मी तिला एक लाथ मारली, तर माझंच बोट सुजलं. मला राग आला की रडू येतं, आणि रडू आलं की आणखी राग येतो. त्या संध्याकाळी दोन्ही झालं. मी बरोबर वागले होते. पुन्हा विचारलं असतं तर पुन्हा तेच सांगितलं असतं. आणि तरी जेवण गेलं नाही.

बुधवारी सकाळी फुलं काढायला परडी घेऊन बाहेर आले, तर फाटक नाही.

दोन जांभ्याचे खांब, मध्ये रस्ता. बिजागऱ्या नीट पान्याने सोडवून, नट-बोल्टसकट, खांबावर ओळीने मांडून ठेवलेल्या. फांदी मात्र तिथेच, जिथे होती तिथेच पडलेली.

मग मी जी सुटले! परडी फेकली आणि रस्त्यात उभी राहून ओरडले. "कुणी नेलंन रे माझं फाटक? मुडदा बसवला तुमचा! हात झडोत, तिरडी उठो तुमची! माझ्या बापाने केलेलं फाटक, तुमच्या बापाने एक खिळा तरी ठोकलान काय कधी?" हे सभ्यपणे लिहिण्याजोगं तेवढंच. बाकीचं मला येतं हे मलाही माहीत नव्हतं. दूधवाला थांबला. भाडेकरू खिडकीत आला आणि घाबरून आत गेला. मासेवाली रोजच्या वाटेने चालली होती, तिने पाटी उतरवून गडग्यावर ठेवली आणि कमरेवर हात ठेवून शेवटपर्यंत ऐकलं. मधे एकदा "अगो बाय!" म्हणाली. मग पाटी डोक्यावर घेऊन पुढे गेली. ती रोज सड्यावरून, वरच्या कातळाच्या माळावरून, पोराच्या वाडीत मासे विकायला जायची.

तो राग खोटा नव्हता. कुणाला वाटेल, मी नाटक केलं. छे! वडिलांच्या कोपराने झिजलेली ती फळी कुणीतरी होमात घालणार, या विचाराने माझं डोकं फुटायची वेळ आली होती. पोराने काहीही न्यावं, फांदी न्यावी, शिडी न्यावी, घरातला पाट न्यावा, पण ते फाटक? त्याला चांगलं माहीत होतं मी कुठे हात ठेवते. पायरीवर बसून सात महिने बघितलं होतंन त्याने.

मग चहा घेऊन ओटीवर बसले. चहा निवून गेला तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. याला कुणी परवानगी दिली नव्हती. याची कुठल्या वहीत नोंद नव्हती. आणि शिव्या तर अशा घातल्या गेल्या होत्या की दुपारपर्यंत मासेवाली त्या वाडीत घरोघर पोचवणार होती, कोळंबीबरोबर. दिलेलं लाकूड कोण म्हणेल याला?

तेवढ्यात हवालदार सायकलवरून आला. खांबांकडे पाहिलं. "ताई, फाटक कुठे गेलं? तक्रार लिहून घेऊ?"

"कसली तक्रार?" मी म्हटलं. "वाळवी लागली होती. काढून टाकलं."

"मग सकाळी शिव्या कुणाला घालत होतात? नाक्यापर्यंत ऐकू येत होतं."

"वाळवीला."

त्याने खांबावरच्या बिजागऱ्यांवरून बोट फिरवलं. मग मेव्हण्याची सायकल चांगली चालते एवढं सांगून गेला. सरकारी माणसाशी धडधडीत खोटं बोलायची ती माझी पहिली वेळ.

शुक्रवारी त्यांचा होम झाला. मी गेले नाही. माझ्याने बघवलं नसतं.

रविवारी पालखी घरोघर फिरणार होती. तो माझ्याकडे येण्याचा वार, पण तो येणार नाही हे दिसत होतंच. दुपारी तीन वाजता मी छत्री घेतली आणि सडा चढून गेले. ऊन मी म्हणत होतं. वाडीत पोचले तेव्हा ढोल वाजत होते, पालखी अलीकडच्या घरात होती. त्याच्या आईचं घर सगळ्यात शेवटी. अंगण सारवलेलं, रांगोळी घातलेली. ती दारात उभी, हातात ओटीचं तबक. मला बघून ती जरा बाजूला सरकली. आम्ही दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिलो आणि त्या वळणाकडे बघत राहिलो. ढोल वाजला की ती पुढे वाकून बघायची, आणि तबकातला नारळ कडेला यायचा. मी तो दोनदा सरळ केला.

वळणावर पालखी थांबली. इथूनच ती पंधरा वर्षं मागे फिरायची. ढोलही थांबले. मानकऱ्यांनी काहीतरी म्हटलं, ते ऐकू आलं नाही.

आणि पालखी आत आली.

पुढच्या डाव्या खांद्याला तो होता. वाकलेला, घामाने भिजलेला, गुलालाने लाल. अंगणात पालखी नाचवली तेव्हा त्याचे पाय बरोबर पडत नव्हते, मुंबईचे पाय ते, पण कुणी हसलं नाही. आईने ओटी भरली. तिला देवापुढचं गाऱ्हाणं म्हणता येईना, नुसते ओठ हलत होते, तेव्हा मानकऱ्यांनीच तिच्या वतीने म्हटलं, "हे घर आज उघडलंय, त्याला उघडं ठेव."

मी पदराने डोळे पुसले. ऊन होतं, पण उन्हामुळे नव्हे.

निघताना मानकरी माझ्याजवळ थांबले. "लाकूड जुनं होतं," म्हणाले. "चांगलं पेटलं." कुणाचं, कुठलं, काही नाही. मी मान हलवली.

पोर माझ्यासमोर यायला तयार नव्हतं. शेवटी आईने ढकललं तेव्हा आला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "बाई, आज रविवार. आपली हजेरी?"

"लागली," मी म्हटलं.

तो तरी उभाच. "फळी," म्हणाला. "ती झिजलेली. ती आपण होमात नाय घातली." आणि आतून फडक्यात बांधलेला वीतभर लाकडाचा तुकडा घेऊन आला. कापलेला नीट, कडा घासलेल्या. मी त्याला एक थप्पड मारली, भर अंगणात, आणि मग जवळ घेतलं. तो तुकडा माझ्या ओटीच्या कठड्यावर अजून आहे. त्यावर हात ठेवून मी हे लिहितेय.

महिनाअखेरीला अधिकारी घरी आला, वही तपासायला. वर्षाचा निकाल त्याच्या शेऱ्यावर होता. मी कोकमाचं सरबत दिलं. तो एकेक आठवडा वाचत होता. शिमग्याच्या आठवड्यापाशी थांबला. माझ्या एरवीच्या दहा-दहा ओळींत तिथे एकच होती: 'मुलगा रविवारी हजर. विशेष काही नाही.'

त्याने वर पाहिलं. ओटीवरून समोर ते दोन खांब दिसत होते आणि खांबांमधून सरळ आत आलेली शेजाऱ्यांची गाय अबोली खात होती.

"मॅडम," तो म्हणाला, "गुरं येत असतील आत?"

"येतात," मी म्हटलं.

"येऊ देत," तो म्हणाला, आणि त्याने सही केली.